श्राद्धाचा माका

माका ओळखायला डोळे पुरत नाहीत, तळहात लागतो. पान आणि देठ तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडायचं आणि थोडं थांबायचं. आधी हिरवा रस दिसतो, कुठल्याही पाल्याचा दिसतो तसाच. मग तो बघता बघता काळवंडतो आणि निळसर काळा डाग पडतो, तो साबणाने जात नाही. आमच्या आसपासच्या दुसऱ्या कुठल्या तणाला हे जमत नाही. ही खूण मला आईने शिकवली आणि तिनेच ती घरच्या सगळ्यांसमोर नाकारली. त्याला आता साठाहून जास्त वर्षं झाली. माणसं म्हणतात, काळ गेला की कडवटपणा ओसरतो. माझा ओसरलेला नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

आम्ही गिरगावात राहायचो, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, काकू, त्यांचा मुलगा आणि आम्ही तिघं. चाळीमागच्या वाडीत एका देवळाची विहीर होती. तिचं पाणी पाटाने केळींना जाई आणि त्या पाटाच्या कडेला माका उगवायचा. एका वर्षी म्युनिसिपालटीने तिथे पाइप टाकायला चर खणला, तर पाऊस संपता संपता त्या उकरलेल्या मातीवर जिकडे तिकडे माकाच. आई रत्नागिरीकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी परसामागून वहाळ वाहायचा, त्याच्या काठी तिने हे झाड लहानपणापासून पाहिलेलं. एका पावसाळ्याचं झाड, उन्हाळ्यात वाळून जातं आणि पुढच्या पावसात आपलं आपण परत येतं. पानं समोरासमोर आणि हाताला खरखरीत, खोड तांबूस. फूल पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं, कडेने धाग्यांसारख्या बारीक पाकळ्या. गणपतीच्या पत्रीत ते असतं म्हणतात, पण पत्रीच्या जुडीत काय काय बांधलंय ते मुंबईत कोण उकलून बघतो!

आई माक्याचं तेल करायची. पाटा मांडून पाला वाटायची, रस खोबरेलात घालून मंद विस्तवावर आटवायची. पुढे कितीतरी दिवस तिचे हात काळे असायचे. बाबा विचारायचे, 'शाईच्या कारखान्यात लागलीस की काय?' ती हसायची. चाळीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या, काकूच्या केसांनाही तेच तेल लागायचं. मी पाटाकडे तिच्याबरोबर जायचे आणि ती एकेक झाड दाखवून म्हणायची, 'नुसतं बघून तोडू नकोस. रगडून बघ.' कॉलेजात जाण्याआधी मी वनस्पतिशास्त्र शिकले ते एवढंच, आणि ते चुकीचं नव्हतं.

मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबांनी हट्टाने मला सायन्सला घातलं. काका म्हणाले, 'मुलीला बेडूक कापायला पाठवतोस?' बाबा म्हणाले, 'बेडूक नाही, पानं कापेल. बॉटनी घेणार आहे ती.' बाबा घरात सहसा कुणाला उलटून बोलत नसत. माझ्या माहितीत ते एवढ्या एकाच वेळी बोलले. मग माझं कॉलेजचं पहिलं वर्ष चालू असतानाच ते विषमज्वराने गेले.

त्यानंतर आमचं सगळंच काकांच्या मर्जीवर आलं. खोल्यांची भाडेपावती काकांच्या नावावर, माझं कॉलेज काकांच्या पगारावर. मला बॉटनी घेऊन बी.एस्सी. व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. नवीन साडी नको, सिनेमा नको. काकूच्या हाताखाली भांडी घासताना, काकांचे बूट पुसताना मी मनात म्हणायचे, एवढं इंटर पार पडू दे. काका काही वाईट माणूस नव्हते, असं लोक अजून म्हणतात. मी म्हणू देते.

कॉलेजात मला कुणी मारून मुटकून अभ्यासाला बसवलं नाही. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवताना मला तहानभूक लागत नसे. एकदा प्रॅक्टिकलला एकदांडी दिली होती. रेल्वेच्या कुंपणाला, मैदानाच्या कडेला, कुठेही उगवते ती. लांब काटकुळी दांडी आणि टोकाला एकच फूल, मध्ये पिवळं, कडेने मोजक्याच रुंद पाकळ्या, टोकाशी दातेरी. सर म्हणाले, ही इथली नव्हे, परदेशातून आली आणि हातपाय पसरून बसली. कुळ सूर्यफुलाचं, माक्याचंही तेच, म्हणून लांबून बघणारा फसतो. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, 'माझ्या लक्षात आलंय ते. वहिनी श्राद्धाच्या पुड्यातून आणतात ती एकदांडीच असते.' वहिनी म्हणजे माझी काकू.

मी म्हटलं, 'मग सांगितलं का नाहीस?'

'मी कोण सांगणार?' ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

माका श्राद्धाला लागतो. पितरांना तो आवडतो म्हणतात, पिंडांवर वाहतात. काकू दर वर्षी फुलवाल्याकडून श्राद्धाचा पुडा बांधून आणायची. त्यात दर्भ, काळे तीळ, पांढरी फुलं आणि 'माका' असायचा. फुलवाल्याने कधीतरी हाताला आली ती एकदांडी बांधली असेल आणि काकू मुंबईतच वाढलेली, तिने ती माका म्हणून घेतली असेल. आजोबांच्या श्राद्धाला वर्षानुवर्षं तीच वाहिली गेली. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणजे बिघडलं असेल तर कुणाला कळलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रस्त्यावर मोर्चे, घोषणा, लाठ्या, मग गोळ्या. काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे ते मोर्चाला जात नसत. पण गॅलरीत उभे राहून मुंबई कुणाची यावर तासभर बोलत. आतल्या दोन खोल्या कुणाच्या यावर आमच्याकडे कुणीच बोलत नसे. चुलतभावाला मी दादा म्हणायचे. तो मोर्चात जायचा आणि अश्रुधुराने लाल झालेले डोळे चोळत परत यायचा. काकू त्याच्या डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवायची आणि सरकारला शिव्या द्यायची. सगळ्यांनाच न्याय हवा होता. बाबांच्या वाट्याची खोली आणि त्यातली आमची जागा हा विषय मात्र न्यायात बसत नव्हता.

बाबांचं वर्षश्राद्ध नेमकं संचारबंदीच्या दिवसांत आलं. बाबांना मुलगा नाही म्हणून पिंड दादा देणार होता. बाजार बंद आणि फुलवाला आपल्या गावी निघून गेलेला. आदल्या दिवशी काकूने दादाला सांगितलं, 'कुठून तरी माका आण रे.' मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. सकाळी थोड्या वेळासाठी संचारबंदी उठली तशी मी अंघोळ करून वाडीत गेले. थंडीत बाकीचा माका करपला होता, पाटाकाठचा मात्र हिरवा होता, फुलांवर होता. मी पान रगडून पाहिलं, मग जुडी तोडली, विहिरीच्या पाण्याने धुतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणली.

घरी गुरुजी येऊन बसले होते. शेजारच्या गल्लीतूनच, पण जीव मुठीत धरून आले होते बिचारे. संचारबंदी पुन्हा लागण्याआधी त्यांना घर गाठायचं होतं. काका पाटावर, दादा सोवळ्यात. दादाने रेल्वेच्या कुंपणाकडून जुडी आणली होती, ती तबकात होती. लांब दांड्यांची. मी माझी तिच्या शेजारी ठेवली.

काकूने ती बाजूला सारली. 'हे कसलं तण आणलंस?'

'माका आहे, काकू.'

'माका हा.' तिने दादाची जुडी उचलली. 'पुड्यात दर वर्षी हाच येतो.'

'ती एकदांडी आहे. खेळताना खरचटलं की मुलं तिचा पाला चोळतात ना, तीच.'

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं मला पुढे पुष्कळांनी सांगितलं. का म्हणून गप्प बसायचं? बाबांना जिवंतपणी घरात कुणी विचारत नव्हतं. मेल्यावर त्यांच्या नावाने दोन पानं वाहायची, ती तरी खरी असावीत, एवढंच माझं म्हणणं होतं. माझा श्राद्धावर विश्वास नव्हता. माक्यावर होता.

काका म्हणाले, 'कशावरून तुझा खरा?'

मी दोन्ही जुड्यांतली पानं घेतली. उजव्या तळहातावर माझं, डाव्यावर दादाचं. रगडली आणि हात पुढे धरून उभी राहिले. सगळे बघत होते, गुरुजीसुद्धा. आधी दोन्ही हात हिरवे. मग उजवा हळूहळू काळा पडत गेला, डावा तसाच राहिला. दादा म्हणाला, 'अरे, खरंच की!' बाबांनंतर त्या घरात माझ्या बाजूने कुणी काढलेले तेवढेच दोन-तीन शब्द. मी जिंकले होते. मला आत कुठेतरी इतका आनंद झाला की बाबा गेले आहेत आणि त्यांच्याच श्राद्धासाठी हे चाललंय हे मी विसरले.

काकूचा चेहरा मात्र उतरला. 'म्हणजे इतकी वर्षं मामंजींना आम्ही रानगवत वाहिलं? पितर उपाशी गेले म्हणायचं?' ती खरंच घाबरली होती, हे मी नाकारत नाही. दादा दोनदा इंटर नापास झालेला, काकांची बढती हुकलेली, बाबा ऐन उमेदीत गेलेले. या सगळ्याचं कारण एकदम त्या तबकात येऊन पडलं. प्रत्येकाच्या तोंडावर ते दिसत होतं. आणि ते कारण काकूने घरात आणलं होतं, बाजारातून, पुड्यात बांधून.

काकांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, 'तुमच्याकडे जी वहिवाट असेल तसं करा. पण लवकर ठरवा.' त्यांचा अर्धा जीव रस्त्यावर होता.

मग काका म्हणाले, 'जिच्या नवऱ्याचं श्राद्ध, तिलाच विचारा. कोकणातली आहे, तिला झाडं कळतात. ती सांगेल तो माका.'

आई आत वडे तळत होती. काकूने तिला हाक मारली, तशी ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बाबा गेल्यापासून त्या घरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आमटीत मीठ किती घालायचं हेसुद्धा नाही. आता सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, चला, झालं. ज्या बाईने मला ही खूण शिकवली तिलाच विचारताहेत, आता कोण काय बोलणार? मी माझे दोन्ही हात तिच्यासमोर धरले.

तिने आधी माझा उजवा हात पाहिला, मग डावा. मग काकूकडे पाहिलं. काकांकडे ती मान वर करून बघत नसे, त्या दिवशीही बघितलं नाही. मग तबकाकडे बोट दाखवून म्हणाली, 'हिने आणलाय तो तेलाचा माका. श्राद्धाचा हा.'

तिचं बोट दादाच्या जुडीवर होतं.

'तेलाचा वेगळा आणि श्राद्धाचा वेगळा?' गुरुजींनी विचारलं.

'आमच्याकडे तसंच धरतात,' आई म्हणाली.

असे दोन माके नाहीत. तिच्या गावात नाहीत, तालुक्यात नाहीत, कुठल्या पुस्तकात नाहीत. तो श्राद्धाचा माका तिने त्या दारात उभं राहून, हाताला बेसन लागलेलं असताना, तिथल्या तिथे घडवला. आणि सगळ्यांचा जीव एकदम भांड्यात पडला. काकू खरी ठरली, आजोबा जेवलेले ठरले, दादाने आणलेलं बरोबर ठरलं, गुरुजींना वेळेत घरी जाता येणार होतं. कोकणातही तसंच धरतात म्हटल्यावर कुणाला काही शंका उरली नाही. काकू आईला म्हणाली, 'तेच म्हणत होते मी!' आणि कितीतरी दिवसांनी तिच्या बोलण्यात आईबद्दल गोडवा आला. आई आत गेली. वडे करपायला लागले होते.

बाबांच्या पिंडावर एकदांडी वाहिली गेली. मी भिंतीला टेकून बघत होते. माझी जुडी काकूने उचलून आईच्या पाट्याशी ठेवली, तेलाला होईल म्हणून. एवढी कदर केली तिने.

जेवणं झाली, गुरुजी गेले. काका पलंगावर आडवे झाले आणि छताकडे बघत मोठ्याने म्हणाले, 'दोन वर्षं बॉटनी शिकतेय आणि घरच्या श्राद्धाचा माका ओळखता येत नाही. वर गुरुजींसमोर हात नाचवून दाखवते. काय करायचंय असलं शिक्षण? परीक्षेला बसवायचं काही कारण नाही. टायपिंगच्या क्लासला घाला, चार पैसे तरी मिळवील.'

ते रागाने बोलले नाहीत. मजेत बोलले. त्यांना वाटलं, आपण फार योग्य बोललो, आणि तसं बघितलं तर त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. माका ओळखता न येणाऱ्या मुलीला बॉटनी कशाला शिकवायची? आई आत भांडी घासत होती. काका बोलायला लागले तसा भांड्यांचा आवाज थांबला. मी दाराकडे बघत उभी राहिले. तिने बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं की मघाशी मी खोटं बोलले, मुलीचं बरोबर होतं. माझा अजूनही तिच्यावर भरवसा होता, हे सांगताना आज मला माझीच कीव येते. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. तिने खोटं बोलून आमचं डोक्यावरचं छप्पर राखलं आणि त्याच खोट्याच्या आधाराने काकांनी माझं कॉलेज बंद केलं.

मी टायपिंग शिकले. सरकारी कचेरीत लागले. राज्य झालं तेव्हा चाळीत पेढे वाटले आणि काकांनी गॅलरीतून सगळ्यांपेक्षा मोठ्याने घोषणा दिल्या, आता त्यांना भीती नव्हती. मुंबई मिळाली. आमच्या दोन्ही खोल्यांची पावती काकांनी पुढे दादाच्या नावावर करून घेतली आणि मी आईला घेऊन दादरला भाड्याच्या एका खोलीत आले. म्हणजे जे छप्पर राखायला ती खोटं बोलली तेही आमचं राहिलं नाही. काकूकडून श्राद्धाला बोलावणं यायचं, तेव्हा ती शेजारणींना एकदांडी हातात घेऊन समजावताना मी ऐकलंय: 'तेलाचा वेगळा हो, श्राद्धाचा वेगळा. कोकणातल्या जुन्या माणसांना माहीत असतं.' बायका मान डोलवायच्या. कदाचित त्यांच्या सुनाही आज तेच सांगत असतील.

आईशी मी भांडले नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी फक्त तिचं तेल डोक्याला लावायचं सोडलं. का, असं तिने कधी विचारलं नाही. आम्ही दोघी त्या एका खोलीत वर्षानुवर्षं अगदी नीट राहिलो. भाजी काय आणू, दूध नासलं, पंखा आवाज करतोय, एवढंच बोलत राहिलो.

मी चाळिशी ओलांडल्यावर एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती आणि मी एकदम विचारलं, 'तू त्या दिवशी खोटं का बोललीस?' कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. म्हणजे इतकी वर्षं तिच्याही डोक्यात तो होताच.

'तिथे कुणाला तरी खोटं पाडावंच लागणार होतं,' ती मेथीची काडी मोडत म्हणाली. 'वहिनींना पाडलं असतं, तर त्यांनी पुढच्या महिन्यात आपल्याला माहेरचा रस्ता दाखवला असता. माहेरी तरी कोण होतं? भाऊजींना तर पाडता येतच नव्हतं. मग उरलं कोण?'

'मी,' मी म्हटलं.

'तू. तू काय करणार होतीस? मला टाकून जाणार होतीस?'

मी गेले नव्हते. तिच्यासाठी मी लग्नाची दोन स्थळं नाकारली होती. ती माझ्या खोलीत, माझ्या पगारावर, माझ्या स्वयंपाकाची मेथी निवडत बसली होती. सगळ्या घरात आपल्याला कोण सोडणार नाही हे तिने त्या दारात उभं राहून बरोबर ओळखलं होतं.

'माझं कॉलेज गेलं, आई.'

'मला वाटलं नव्हतं ते तसा अर्थ काढतील.' तिने पहिल्यांदाच मान वर केली. 'मग नंतर बाहेर येऊन सांगायला धीर झाला नाही. अजून राग आहे तुझा?'

'आहे,' मी म्हणाले.

'असू दे,' ती म्हणाली. 'तुझा राग मला घराबाहेर काढत नाही.'